कौल आणि कार्ड : ग्रामदेवस्थान समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सभासद, ग्रामदेवस्थान समिती,
गावचे बारा-पाच मानकरी,
आणि मुंबई मंडळाचे पदाधिकारी,

स.न.वि.वि.

जत्रेनंतरच्या सभेचं इतिवृत्त मला गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळालं. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे मी सभेला नव्हतो आणि वाचायलाही चार दिवस उशीरच झाला. ठराव क्रमांक आठ असा : देवळाच्या आवारातली पोस्टाची खोली मार्चअखेर रिकामी करून घ्यावी आणि तिथे 'कौल कक्ष' बांधावा, म्हणजे पाषाणाला लावलेली पाकळी उजवी पडते की डावी, यावरून देवाचं उत्तर घ्यायची खोली. खाली चर्चेचा गोषवारा आहे. त्यात एक वाक्य येतं, 'गावात पोस्ट आल्यापासून लोकांची कौलावरील श्रद्धा कमी झाली, असे मत मांडण्यात आले.' कोणी मांडलं ते लिहिलेलं नाही. पण तोंडी ते गावभर झालंय. "पोस्ट इला नि देवाचो मान गेलो." परवा मासळी घेऊन येणाऱ्या बाईनंही मला हेच ऐकवलं आणि वर हसली.

त्या खोलीत मी १९८१ ते २०२३ अशी बेचाळीस वर्षं शाखा पोस्टमास्तर म्हणून बसलो. खात्याच्या भाषेत आधी 'अतिरिक्त विभागीय', मग 'ग्रामीण डाक सेवक'. नाव बदललं, स्टूल तेच राहिलं. माझ्याआधी तिथे माझे वडील. ते शाळामास्तर, शाळेच्या आधी आणि मधल्या सुट्टीत पोस्ट चालवायचे. म्हणजे देवाचा मान कोणी घालवलाच असेल तर तो आमच्या घरानं. तेव्हा उत्तर देणं भाग आहे, आणि ते सगळ्यांदेखत दिलेलं बरं.

आधी मान्य करायचं ते करतो. कौल कमी झाले हे खरं आहे. पण कुठले कमी झाले, हे समितीनं पाहिलं नाही.

१९६८ सालचा आषाढ. मी दहा वर्षांचा. खालच्या वाडीतली एक काकी देवळात आली. तिचा झील, म्हणजे मुलगा, परळच्या गिरणीत, आणि चार महिने त्याचं पत्र नाही. पोस्टाच्या खिडकीतून गाभारा दिसत नाही, पण गुरवाचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. 'बा देवा रवळनाथा म्हाराजा, ह्या लेकराचो झील मुंबैक गेलो आसा...' आणि मागून चार जणांचं 'व्हय म्हाराजा'. झील जितो असेल तर उजवी दे, असं म्हणून गुरवानं ओल्या पाकळ्या पाषाणाला लावल्या. पाकळी पडेना. पुन्हा लावल्या. पडेना. पावसाळी हवेत पाकळी चिकटून बसते हे गुरवालाही ठाऊक होतं, पण काकी पुढ्यात हात जोडून उभी, तिला हे कोण सांगणार? तासाभरानं गुरव भिजत पोस्टात आला. वडिलांना म्हणाला, "मास्तरांनु, एक जबाबी कार्ड लिवा. तेच्या खोलीच्या पत्त्यार. माझ्या नावान."

जबाबी कार्ड म्हणजे जोडकार्ड. एका भागावर आपण लिहायचं, दुसरा कोरा भाग समोरच्यानं फाडून उलट टपाली टाकायचा, त्याचे पैसे आधीच भरलेले. वीसेक दिवसांनी तो भाग परत आला. अक्षर झिलाचं नव्हतं, त्याच्या खोलीतल्या कोणाचं तरी होतं. टायफॉइड झाला होता, बरा आहे, गणपतीला धाडतो. काकीनं आधी देवाला नारळ फोडला. मग वडिलांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तो क्रम मला आजही बरोबर वाटतो.

पण त्यानंतर 'झील खंय आसा' हे विचारायला ती काकी देवळात आली नाही. गाय गाभण राहत नाही म्हणून आली, सुनेच्या बाळंतपणाला आली, आंब्याला मोहोर येईना म्हणून आली. झिलासाठी मात्र थेट पोस्टात यायची. आमच्या भाषेत सांगायचं तर एक खातं देवाकडून पोस्टाकडे वर्ग झालं. बाकीची खाती देवाकडेच होती आणि अजून आहेत. आणि हे वर्ग करणारा माणूस होता खुद्द देवाचा गुरव. तो गावात कार्डांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होता हे किती जणांना माहीत आहे? तो म्हणायचा, "देवाक इचारूचा ता देवाक, पोस्टाक इचारूचा ता पोस्टाक. रोज रोज 'झील खंय, झील खंय' करून देवाक कंटाळो हाडल्यानी."

ही चौकशी मुळात देवाकडे का गेली होती तेही बघा. माझे आजोबा सांगत, मृगापासून नारळी पुनवेपर्यंत आगबोटी बंद. पत्र घाटावरून फिरून यायचं, यायचंच झालं तर. तेवढे दिवस मुंबई म्हणजे दुसरा लोक. कौलाची गर्दी नेमकी तेव्हाच. पोस्टानं हे अंतर कसं तोडलं त्याची तीन सालं वडिलांना तोंडपाठ होती, शाळेत मुलांकडूनही घोकून घ्यायचे. १८५४, देशभर एकच दर, हलक्या पत्राला अर्धा आणा, मग पत्र पेणहून येवो की पेशावरहून. १८७९, पाव आण्याचं कार्ड. १८८०, मनीऑर्डर पोस्टाच्या हाती. त्याआधी अंतर वाढेल तसे पैसे पडायचे, म्हणजे ज्याचा मुलगा जास्त लांब गेला त्यालाच खबर महाग. गिरणीत रात्रपाळी करणाऱ्याला पाव आणा परवडायचा. आईला कळायचं की तो आहे.

आणि मनीऑर्डर तर पत्राच्या वरताण. फॉर्मच्या खालच्या बाजूला कुपन असायचं, दोनतीन ओळी मावतील एवढं. 'पन्नास पाठवले. बरा आहे. छपराची कौलं परतून घे.' पैसे मोजून द्यायचे आणि कुपन वाचून दाखवायचं. तिथे मी एक पाप केलं आहे, ते ह्या निमित्तानं सांगून टाकतो. एका आईला तिच्या मुलानं लिहिलं होतं की लग्न केलं, आता गावी येणार नाही. मी वाचलं, 'कामामुळे यायला जमत नाही.' ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एवढाच लिवल्यान? ओळी तर चार दिसतत." तिला अक्षर येत नव्हतं, ओळी मोजता येत होत्या. त्या दिवशी मला कळलं की मी पोस्टमास्तरचा गुरव झालोय. लोक माझ्या तोंडून आलेलं देवाच्या तोंडचं समजून ऐकत होते आणि मी पाकळी हातानं पाडली होती. वडिलांना सांगितलं तेव्हा ते दोन दिवस बोलले नाहीत. तेव्हा पोस्ट सगळं खरं आणि देऊळ सगळं खोटं, असं मी म्हणतोय असं कोणी समजू नये.

दोहोंत फरक आहे तो एवढाच. कार्डावर शिक्का असतो. कुठून निघालं, कोणत्या तारखेला निघालं. आणि पोचलं नाही तर शेरा मारून परत येतं : 'पत्ता अपूर्ण', 'घर सोडून गेला'. देवाकडून 'पत्ता अपूर्ण' असा शेरा येत नाही. कौल उजवा किंवा डावा.

पोस्टानं श्रद्धा घालवली म्हणणाऱ्यांनी ऐंशीच्या दशकातली माझी थैली बघायला हवी होती. पंधरा पैशांच्या कार्डांवर देवाचे निरोप! अमुक देवळात नाग प्रकटला, त्यानं सांगितलं, ही हकीकत एकवीस जणांना लिहा, लिहिलीत तर लॉटरी, फाडलीत तर मरण. खाली नाव नाही. लोक घाबरून एकवीस कार्डं विकत घ्यायचे. एका गृहस्थांनी बावीस घेतली, एखादं लिहिताना बिघडलं तर हाताशी असावं म्हणून. त्या महिन्यात कार्डांचा खप असा की तालुक्याहून विचारणा झाली. वडील तेव्हा घरी असायचे. चष्मा पुसत म्हणाले, "देवान दर्शन दिल्यान तर दिल्यान, खाली नाव-पत्तो कित्याक घातल्यान नाय?" पत्ता नसला तरी शिक्का होता. देवाचं म्हणून आलेलं कार्ड बहुतेक वेळा शेजारच्या गावच्या शिक्क्याचं निघायचं. मी लोकांना शिक्का दाखवायला लागलो. काही जण हसले, काही जणांनी तरीही एकवीस लिहिली. आता तेच निरोप ग्रुपवर येतात, फुकट, आणि त्यांना शिक्काही नसतो. गेल्या महिन्यात आलेला 'अकरा जणांना पाठवा' हा निरोप आपल्या समितीच्याच एका सभासदांनी पुढे धाडला होता. नाव लिहीत नाही.

आणि पोस्ट आटलं की काय होतं, तेही आपण ह्याच गावात पाहिलंय. १८ जानेवारी १९८२, मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. पगाराच्या आठवड्यात दिवसाला पंधरा-वीस मनीऑर्डरी वाटायचो. होळीपर्यंत त्या चारवर आल्या, मग एखाद-दुसरी, मग थैलीत नुसत्या नोटिसा. खिडकीतून देवळाची रांग दिसायची. लहानपणी पाहिलेली तशीच, बायकाच बायका. 'संप कधी मिटात, देवा?' देवानं तेव्हा काय कौल दिला मला आठवत नाही. संप मात्र अधिकृतपणे अजून मागे घेतलेला नाही. गुरव म्हातारा झाला होता. एकदा खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "मास्तरांनु, कायतरी येव दे तुमच्याकडसून. माझ्यान ह्या गाऱ्हाणा घालवत नाय." देवाचा मान वाढला म्हणून तो खूश झाला असेल असं तुम्हाला वाटतं का?

आता माझ्या तक्रारी.

खोली कोणाला नको झाली आहे? आताच्या पोस्टमास्तर बाई दुसऱ्या तालुक्यातून आलेल्या, सव्वीस वर्षांची मुलगी. शाखेला जागा देणं ही शाखा पोस्टमास्तरचीच जबाबदारी असते, हे समितीतल्या निम्म्या लोकांना माहीत नाही आणि उरलेल्या निम्म्यांना पक्कं माहीत आहे. गावात तिचं घर नाही. खोली गेली आणि दुसरी मिळाली नाही, तर शाखा जाईल सात किलोमीटरवर. तिला सभेला बोलावलं नाही. ठराव तिला ग्रुपवरून कळला, माझ्यासारखाच.

गुरुवारी सकाळी खोलीसमोर जाऊन उभे राहा. निराधार योजनेचे पैसे, लाडक्या बहिणींचे पंधराशे, सुकन्येचे हप्ते. काजूच्या कारखान्यात वीस-वीस वर्षं काढलेल्या बायकांची बोटं चिकानं अशी झाली आहेत की यंत्राला ठसा उमटत नाही. बाई आधी अंगठा घेतात, मग तर्जनी, मग दुसरा हात. पदरानं पुसून पुन्हा. चौथ्या-पाचव्या खेपेला यंत्र 'टिंग' वाजतं आणि म्हातारी हुश्श करते. ह्या बायका दिवसाला दोन एसट्या असलेल्या रस्त्यानं सात किलोमीटर जायच्या आणि तिथे बोट उमटलं नाही तर परत यायच्या?

टपालपेटीबद्दल. कमानीला रंग द्यायचा म्हणून ती दिवाळीत काढली. ती आज मंडपाच्या खुर्च्यांमागे पडून आहे. बाईंनी आणि मी ती उघडली तेव्हा आत हुमल्यांनी घर केलं होतं. मुंग्यांखाली एक लग्नपत्रिका निघाली, लग्न होऊन गेलेलं. कोणाच्या तरी दारी ती वेळेत पोचायला हवी होती.

फोनवरच्या कौलाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण माझ्या मते खरा घोळ तिथे आहे. कौल कक्षाची कल्पना अशी : चाकरमान्यांनी मुंबईहून व्हिडिओ कॉल करायचा, क्यूआर कोडवर ५०१ रुपये टाकायचे, गुरवानं पाकळी लावून कॅमेऱ्यासमोर धरायची. म्हणजे देवाचा मान पोस्टानं घालवला म्हणून पोस्ट काढायचं आणि त्याच जागी देवाला फोनवर बसवायचं! अहो, ज्या फोनवरून देवाला विचारणार त्याच फोनवरून झिलाला विचारा की. कौल लावणारा माणूस पुढ्यात उभा असतो. गुरव त्याचं तोंड बघतो, त्याच्या घरचं त्याला माहीत असतं, म्हणून तो उठून पोस्टात कार्ड लिहायला जातो. पडद्यावरच्या माणसासाठी कोण भिजत जाणार? आत्ताच्या गुरवालाही हे नको आहे, पण तो सभेत बोलणार नाही. त्याचं घर देवस्थानच्या जमिनीवर आहे.

आणि श्रद्धेचंच म्हणाल तर केरळात शबरीमलैला, सन्निधानम् इथे, खास हंगामापुरतं पोस्ट ऑफिस उघडतं. पिनकोड ६८९७१३. अय्यप्पाच्या नावानं पत्रं येतात, लग्नपत्रिका येतात, मनीऑर्डरी येतात. तिथे देवाला स्वतःचा पिनकोड आहे आणि आपण देवाच्या शेजारचं पोस्ट हाकलतोय. आपल्याकडेही वेगळं नव्हतं. देवस्थानच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या काढा. पानापानावर 'म.ऑ.ने जमा' दिसेल. पोरगा परीक्षेत पास झाला, अकरा रुपये, कुपनावर 'देवाक नारळ ठेवा, गाऱ्हाणा घाला'. त्या मनीऑर्डरी मी स्वतः गुरवाच्या हातात दिल्या आहेत आणि गाऱ्हाणं घालून झाल्यावर त्याच्या सांगण्यावरून 'घातलं' असं कार्डही लिहिलं आहे. ज्या कमानीला तुम्ही आत्ता रंग दिलात तिच्यात त्या अकरा-अकरा रुपयांची बरीच भर आहे.

खात्यानंही आपणहून बरंच बंद केलं, ते मी नाकारत नाही. तार २०१३ त गेली, जुनी मनीऑर्डर २०१५ त गेली, २०२५ त रजिस्टर टपालही स्पीड पोस्टात विलीन झालं. उरलं आहे ते तरी आपल्या हातानं बाहेर काढू नका.

माझ्या मागण्या अशा.

ठराव आठ मागे घ्या. कौल कक्ष हवाच असेल तर आवारात पूर्वेकडची जागा मोकळी आहे, तिथे बांधा, माझी वर्गणी धरा. तेही जमणार नसेल तर आधी एसटी थांब्यापासून चालण्याच्या अंतरावर दुसरी खोली लेखी द्या आणि मगच ही मागा.

इतिवृत्तातलं ते वाक्य काढा, नाहीतर ज्यांचं मत आहे त्यांचं नाव त्याखाली घाला. निनावी मत म्हणजे ते एकवीस कार्डांतलंच एक झालं.

फोनवरच्या कौलाला पैसे लावू नका. तो करायचा की नाही हे गुरवाला विचारून ठरवा, त्याच्या घरी जाऊन विचारा, सभेत नव्हे.

टपालपेटी कमानीच्या मूळ खिळ्यावर परत लावा. हुमले मी काढले आहेत.

पुढच्या सभेला पोस्टमास्तर बाईंना बोलवा आणि बसायला खुर्ची द्या.

शिमग्याआधीच्या सभेला मी येतोय. डोळ्याची पट्टी सुटली आहे. खोलीची दुसरी चावी निवृत्तीच्या वेळी द्यायची राहून गेली, ती मी सभेत देईन, पण बाईंच्या हातात.

ह्या पत्राची मूळ प्रत अध्यक्षांच्या नावे आपल्याच पोस्टातून स्पीड पोस्टानं पाठवली आहे. गावातून गावात असली तरी ती आधी तालुक्याला जाऊन येईल, तेव्हा दोन-तीन दिवस लागतील. पावती जपून ठेवली आहे. पत्र सहीनंच मिळेल, कृपया घरी असा.

आपला,
निवृत्त शाखा पोस्टमास्तर,
वरची वाडी